बाटली हलवून काढलेला फोटो

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

 

मागच्या भागात म्हणालो होतो की यावेळी फोनच्या बॅटरीवर बोलू. ते पुढच्या वेळी. कारण मध्येच एक मेसेज आला, आणि त्याचं उत्तर मला सगळ्यांसमोर द्यावंसं वाटतंय.

मेसेज असा होता. "दादा, मी तुमच्याच कॉलेजचा, फायनल इयर मेकॅनिकल. लायब्ररीत तुमचा प्रोजेक्ट रिपोर्ट मिळाला. त्यावरूनच आम्ही एमआर डॅम्पर करतोय. तुमच्या रिपोर्टमध्ये सात दिवसांनंतरचा फोटो आहे, त्यात गाळ बसलेला दिसत नाही. आमचं फ्लुइड तर अर्ध्या तासात बसतंय. आमचं काय चुकतंय? चौघांनी मिळून साडेनऊ हजार घातलेत, आणि तीन आठवड्यांवर रिव्ह्यू आहे."

मंडळी, त्यांचं काहीच चुकत नव्हतं. चुकलो होतो मी. तो फोटो काढायच्या आधी मी बाटली हलवली होती.

तर आज दोन गोष्टी. एक, एमआर फ्लुइड म्हणजे काय, त्यात गाळ का बसतो आणि त्यातल्या लोखंडाच्या कणांवर लेप देऊन काय साधतं. आणि दुसरी, त्या फोटोचं काय केलं. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी बीटेक मेकॅनिकलला केलं आणि नोकरी करतो सॉफ्टवेअरमध्ये. आपल्याकडे असे आपण भरपूर आहोत. त्यामुळे मी इथला तज्ज्ञ नाही. पण या एका विषयात हात काळे केलेत, अगदी खरोखरचे काळे.

तेल की घट्ट लोणी?

एमआर म्हणजे मॅग्नेटोरिऑलॉजिकल. नाव भारी आहे, वस्तू साधी आहे. तेलात लोखंडाची अगदी बारीक पूड कालवायची. एरवी ते काळपट, दाटसर पाणीच. जवळ चुंबक आणला, किंवा भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली, की क्षणात ते घट्ट लोण्यासारखं होतं. वीज बंद, की पुन्हा पातळ. क्षणात म्हणजे काही मिलिसेकंदांत. तुमच्या फोनच्या स्क्रीनवर एक फ्रेम बदलायला जेवढा वेळ लागतो ना, साधारण त्याच मापातला.

होतं काय, तर चुंबकीय क्षेत्रात लोखंडाचा प्रत्येक कण छोटा चुंबक बनतो. एकाचं उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकाला चिकटतं आणि कणांच्या साखळ्या तयार होतात, अगदी हात धरून उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या. आता तेलाला वाहायचं असेल तर या साखळ्या तोडाव्या लागतात. तो जो विरोध, तोच आपल्याला हवा असतो.

ही कल्पना काही कालची नाही. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेकब रॅबिनॉव नावाचे संशोधक होते. त्यांनी १९४८ च्या सुमारास असं द्रव वापरून क्लच बनवला. त्यांची कृती स्वयंपाकाच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. वजनाने नऊ भाग कार्बोनिल आयर्न नावाची लोखंडाची पूड आणि एक भाग तेल. तेल सिलिकॉनचं घ्या, खनिज घ्या, नाहीतर चक्क रॉकेल. आणि गाळ बसू नये म्हणून वाटल्यास थोडं ग्रीस. म्हणजे बघा, गाळाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. त्यावर त्यांनी केलेला उपाय आजही लोक करतात.

मधली कितीतरी वर्षं हे द्रव मागेच पडलं. मग १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉर्ड कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी ते पुन्हा हातात घेतलं. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएस गाडीत हे द्रव भरलेले शॉक अॅब्सॉर्बर आले. रस्ता बघून गाडी स्वतःच सस्पेन्शन कडक किंवा मऊ करते. चीनमधल्या डोंगटिंग सरोवरावरच्या पुलाच्या केबल वाऱ्याने हेलकावतात म्हणून तिथे एमआर डॅम्पर बसवले. टोकियोच्या मिराइकान या विज्ञान संग्रहालयाच्या इमारतीत २००१ साली ३० टनी एमआर डॅम्पर बसले, भूकंपासाठी. आणि मला सगळ्यात आवडणारा उपयोग म्हणजे कृत्रिम गुडघा. आइसलँडच्या ऑसुर कंपनीच्या ऱ्हिओ नी नावाच्या गुडघ्यात हेच द्रव आहे. पाय कुठल्या क्षणी वाकू द्यायचा आणि कुठल्या क्षणी अडवायचा हे त्यातला कॉम्प्युटर ठरवतो, आणि ते प्रत्यक्षात घडवतं हे द्रव.

आता या यादीकडे जरा नीट बघा. गाडी रोज चालते. गुडघा रोज चालतो. पण भूकंपाचा डॅम्पर? तो वर्षानुवर्षं नुसता उभा असतो. आणि ज्या दिवशी लागतो, त्या दिवशी पहिल्याच सेकंदाला लागतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाळ बसणारच

लोखंडाची घनता पाण्याच्या जवळपास आठपट. तेल पाण्याहून थोडं हलकं. मग लोखंड तळाशी जाणारच, त्यात त्याचा काय दोष!

किती वेगाने जाणार याला स्टोक्सचा नियम आहे. अकरावी-बारावीला फिजिक्समध्ये पाठ केला असेल. त्यातलं एकच लक्षात ठेवा. कणाचा आकार दुप्पट झाला की बसण्याचा वेग चौपट होतो.

चांगल्या एमआर फ्लुइडमध्ये कण १ ते १० मायक्रॉनचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा ४ मायक्रॉनचा एक कण आहे, आणि सिलिकॉन तेल पाण्याच्या शंभरपट दाट आहे. हिशोब केला तर तो एकटा कण दिवसभरात ५ सेंटीमीटरच्या आसपास खाली उतरतो. भोवती गर्दी असली की याहूनही हळू.

आता आमचा प्रोजेक्ट. कार्बोनिल आयर्न महाग पडत होतं, म्हणून आम्ही केमिकलच्या दुकानातून ३०० मेशची साधी लोखंडाची पूड आणली. ३०० मेश म्हणजे कण साधारण ५० मायक्रॉनचा. म्हणजे आकार साडेबारा पट आणि बसण्याचा वेग दीडशे पटींहून जास्त. त्याच तेलात १० सेंटीमीटर उतरायला साधारण १७ मिनिटं!

मित्रा, तुझं फ्लुइड अर्ध्या तासात बसतंय ना? बरोबर बसतंय. फिजिक्स शिकवतं तसंच वागतंय. आमचंही तसंच बसत होतं.

मग कुणी म्हणेल, कण अजून बारीक करा की! नॅनो करा! केलंय तेही. १९६३ साली नासामध्ये स्टीव्ह पॅपेल यांनी फेरोफ्लुइड बनवलं. त्यातले कण १० नॅनोमीटरच्या आसपास. इतक्या बारीक कणांना तेलाचे रेणूच सतत ढकलत राहतात, त्यामुळे ते खाली बसतच नाहीत. पण तीच धक्काबुक्की त्यांच्या साखळ्याही टिकू देत नाही. चुंबक आणल्यावर फेरोफ्लुइडला सुंदर काटे येतात, रील्समध्ये बघितले असतील. पण ते घट्ट होत नाही. गाडीचा धक्का पेलायचा तर कण मायक्रॉनचेच लागतात, आणि मायक्रॉनचे कण बसणारच.

खरा शत्रू गाळ नाही

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आम्हाला वाटायचं गाळ बसला म्हणजे फ्लुइड फेल. पण ताकाचा विचार करा. फ्रिजमध्ये ठेवलं की वर पाणी, खाली दाट. आपण ते फेकतो का? चमचा फिरवतो आणि पितो. गाळ मऊ असेल आणि लगेच परत मिसळत असेल, तर गाडीतला पिस्टन दोन-चार वेळा वरखाली झाला की फ्लुइड पुन्हा एकजीव. डॅम्पर हीच मुळात उत्तम रवी आहे.

अडचण येते ती गाळाचा दगड झाल्यावर. बोडके लोखंडी कण तळाशी एकमेकांवर दाबून बसतात. इतक्या जवळून दोन पृष्ठभागांमधलं नैसर्गिक आकर्षण कामाला लागतं, थोडंफार उरलेलं चुंबकत्वही मदत करतं, आणि त्याची वडी थापली जाते. आमच्या बाटलीत सातव्या दिवशी तळाला अशीच वडी होती. ती स्टीलच्या पट्टीने खरवडावी लागली. व्हायवाच्या दिवशी डॅम्परचा पिस्टन सुरुवातीला हललाच नाही. आम्ही एक्स्टर्नल सरांना सांगितलं, "सर, सील टाइट आहे." सील टाइट नव्हतं. आत लोखंडाची वडी होती.

दुसरा शत्रू गंज. तेलात थोडा ओलावा आणि हवा असली तरी लोखंड हळूहळू गंजतं, आणि गंज चुंबकाला लोखंडासारखी दाद देत नाही.

तिसरा शत्रू फारसा कुणाला माहीत नसतो. लॉर्डमधले डेव्हिड कार्लसन यांनी २००२ मध्ये एका लेखात तो नीट मांडला. डॅम्पर लाखो वेळा जोरात चालला की कण एकमेकांवर घासतात. कणांवरचा ठिसूळ थर खपलीसारखा निघतो. त्या खपल्या इतक्या बारीक असतात की त्या सगळ्या द्रवालाच दाट करून टाकतात. चुंबक नसतानाही फ्लुइड पेस्ट होतं. म्हणजे हे फ्लुइड नुसतं पडून राहिलं तरी बिघडतं, आणि जास्त वापरलं तरी बिघडतं.

साबुदाण्याची खिचडी

आता लेप. लोखंडाच्या प्रत्येक कणाला वरून एक पातळ आवरण द्यायचं. कशासाठी? याचं उत्तर आईच्या साबुदाणा खिचडीत आहे.

साबुदाणा भिजवून नुसता परतला तर काय होतं? गोळा! म्हणून आई त्याला आधी दाण्याचं कूट चोळते. प्रत्येक दाण्याभोवती कूट बसलं की दाणा दाण्याला थेट लागत नाही, आणि खिचडी मोकळी होते. लोखंडाच्या कणांचंही अगदी हेच. लेप असला की लोखंड लोखंडाला टेकत नाही. गाळ बसला तरी मोकळा राहतो.

लेपाचे प्रकार किती? ढोबळ चार सांगतो.

पहिला म्हणजे साबणासारखे रेणू. ओलेइक आम्ल, स्टिअरिक आम्ल, लेसिथिन. या रेणूंचं एक टोक लोखंडाला धरतं आणि दुसरं तेलात मोकळं राहतं. थर जेमतेम एका रेणूच्या जाडीचा. स्वस्त आणि सोपा.

दुसरा सिलिका, म्हणजे काचेसारखा लेप. १९६८ साली स्टोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकाचे एकसारखे गोळे बनवायची रीत काढली. अल्कोहोलमध्ये थोडं पाणी, थोडा अमोनिया, आणि टीईओएस नावाचं रसायन. तीच रीत लोखंडाच्या कणांवर वापरली की प्रत्येक कणाभोवती काचेचं कवच चढतं. गंजापासून छान बचाव होतो.

तिसरा प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिमरचा. कोरियातल्या इन्हा विद्यापीठातल्या ह्योंग जिन चोई यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. ॲक्रिलिक शीटमध्ये असतं ते पीएमएमए, पॉलिस्टायरीन, पॉलिॲनिलिन, असे बरेच पॉलिमर लोकांनी लावून बघितलेत.

आणि चौथा ऐकून मला मजा वाटली. गवार! होय, आपली भाजीची गवार. गवारीच्या बियांपासून गवार गम काढतात. आइस्क्रीममध्ये असतो, तेलविहिरींमध्येही वापरतात, आणि जगाला लागणाऱ्या गवार गमचा मोठा वाटा राजस्थानसारख्या भागांतून जातो. चीनमधल्या संशोधकांनी कार्बोनिल आयर्नवर गवार गमचा लेप देऊन बघितला, आणि फ्लुइड जास्त वेळ टिकलं.

एक सुंदर उदाहरण अमेरिकेतल्या रॉचेस्टरचं. तिथे कॅमेऱ्याच्या आणि लेझरच्या भिंगांना एमआर फ्लुइडने पॉलिश करतात. हे तंत्र मुळात बेलारूसमधल्या मिन्स्कमध्ये विल्यम कॉर्डोन्स्की यांच्या गटाने सुरू केलं. आता गंमत अशी की या कामात फ्लुइड पाण्याचं असतं. पाणी आणि लोखंड! गंज येऊ नये म्हणून पाणी मुद्दाम अल्कधर्मी ठेवावं लागतं. रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी लोखंडाच्या कणांवर झिर्कोनियाचा लेप दिला. त्याने गंज थांबला, आणि त्याच प्रक्रियेत तयार झालेल्या झिर्कोनियाच्या मोकळ्या बारीक कणांनी काच पॉलिश केली. एका लेपात दोन कामं.

लेपाने वजन कमी होतं का?

आमच्या रिपोर्टमध्ये मी झोकात लिहिलं होतं, "लेपामुळे कणाची घनता कमी होते, म्हणून गाळ बसत नाही." बऱ्याच ठिकाणी असं लिहिलेलं सापडतं. या आठवड्यात मी बसून हिशोब केला. सांगतो.

४ मायक्रॉनचा लोखंडी कण. त्याला सगळीकडून ०.१ मायक्रॉन जाडीचा पॉलिमरचा लेप. कणाची सरासरी घनता ७.८६ वरून ६.९५ च्या आसपास आली. वा! पण थांबा, कण मोठाही झाला, ४ चा ४.२ मायक्रॉन. आणि वेग तर आकाराच्या वर्गाने वाढतो. दोन्ही गोष्टी घातल्या तर बसण्याचा वेग किती कमी झाला? चार टक्क्यांच्या आसपास. फक्त!

म्हणजे एवढ्या पातळ लेपाने कण काही हलका होऊन तरंगायला लागत नाही. तो बसतोच, जवळजवळ तेवढ्याच वेगाने. फरक पडतो तो बसल्यानंतर. तो मोकळा बसतो, गंजत नाही, तेलाशी जमवून घेतो आणि हाक मारली की उठतो. प्रत्यक्ष बसणं कमी करायचं असेल तर ते काम तेलाचं. त्यात अगदी बारीक सिलिकाची भुकटी, खास चिकणमाती किंवा रॅबिनॉव यांचं ते ग्रीस घालतात. त्याने तेलात एक नाजूक जाळं होतं आणि कण त्यावर अडून राहतात. लेप आणि जाळं ही दोन वेगळी कामं आहेत. आम्ही दोन्हींची खिचडी केली होती, आणि तीही मोकळी नव्हती.

फुकट काही मिळत नाही

लेपाची किंमत मोजावी लागते. लेप म्हणजे चुंबकाला दाद न देणारी जागा. वरच्याच उदाहरणात कणाच्या आकारमानात लोखंड उरलं साधारण ८६ टक्के. शिवाय साखळीतले दोन कण आता लोखंडाने टेकत नाहीत, मध्ये ०.२ मायक्रॉनची फट आहे. चुंबकीय ओढ अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते. अगदी साध्या हिशोबात ती सुमारे १८ टक्क्यांनी घटते.

कूट जास्त झालं की खिचडी कोरडी होते, तसं. लेप जाड केला की फ्लुइड छान टिकतं, पण चुंबक लावल्यावर म्हणावं तसं घट्ट होत नाही. आणि लेप कच्चा असेल तर तोच घासून निघतो, त्याच्या खपल्या होतात, आणि मघाशी सांगितलेला तिसरा शत्रू आपणच घरात घेतो.

म्हणून आधी विचारायचं, हे फ्लुइड कुठे जाणार आहे? रोज चालणाऱ्या गाडीत थोडा गाळ चालतो, पण लेप घासायला टिकाऊ हवा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इमारतीच्या डॅम्परमध्ये गाळाचा दगड झालेला अजिबात चालणार नाही, तिथे थोडी ताकद कमी पडली तर डॅम्पर मोठा करता येतो. "सगळ्यात चांगला लेप कुठला" या प्रश्नाला उत्तर नाही. "कशासाठी" हे ठरलं की उत्तर आहे.

तीन आठवड्यांत काय करता येईल

आता माझ्या ज्युनिअरसाठी. बाकीच्यांनीही ऐका, मजा येईल.

एक. आधी पूड बदल. कार्बोनिल आयर्न घे, ५ मायक्रॉनच्या आसपासचं. थोडंच घे, पण तेच घे. ५० मायक्रॉनच्या पुडीला कुठलाही लेप वाचवू शकत नाही. कोरडी बारीक लोखंडाची पूड पेट घेऊ शकते, म्हणून ठिणगी आणि ज्योतीपासून लांब.

दोन. सिलिकाचा लेप द्यायचा असेल तर केमिस्ट्रीच्या सरांना गाठ, त्यांच्या लॅबमध्ये, अमोनिया आहे म्हणून फ्यूम हूडखालीच कर. टीईओएस एकदम ओतू नकोस. आजी संक्रांतीचा हलवा करताना कसं करते? मंद शेगडीवर तीळ, आणि पाक चमचाचमचाने, सतत हात फिरवत. घाई केली की पाकाचेच वेगळे गोळे होतात आणि तीळ बोडके राहतात. इथेही अगदी तेच. टीईओएस भराभर घातलं की सिलिका स्वतःचे वेगळे गोळे करते. थेंबाथेंबाने घाल आणि ढवळत राहा. धुताना बीकरखाली चुंबक धर, कण तळाला थांबतात आणि वरचं पाणी ओतून देता येतं.

तीन. लेप खरंच बसला का हे कसं कळणार? महागड्या मायक्रोस्कोपची वाट बघू नकोस. दहावीचा प्रयोग आठव. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंड टाकलं की त्यावर तांबं चढतं आणि निळा रंग फिका पडतो. एका टेस्ट ट्यूबमध्ये बोडकी पूड, दुसरीत लेपाची पूड, वजन सारखं. दुसरीचा निळा रंग टिकला तर लेपाने कण झाकलाय. फिका पडला तर कुठेतरी उघडा आहे.

चार. गाळाची चाचणी मोजपात्रात कर. पात्र एका जागी ठेव, त्याला हात लावू नकोस. वरचा स्वच्छ तेलाचा थर रोज त्याच वेळी मोज. फोन एकाच जागी ठेवून फोटो काढ. शेवटच्या दिवशी आधी जसं आहे तसा फोटो. त्यानंतर पात्र बंद करून उलटसुलट कर आणि किती वेळा केल्यावर तळ मोकळा झाला ते मोज. ही दुसरी संख्या पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. बोडक्या पुडीला चाळीस वेळा आणि लेपाच्या पुडीला पाच वेळा असं काही आलं, तर तुझा प्रोजेक्ट यशस्वी झाला, जरी दोन्हींत गाळ बसला असला तरी.

आणि बसला गाळ तर "बसला" असं लिही.

त्या फोटोचं काय

मी रोज ज्या कामाचे पैसे घेतो, त्यात टेस्ट लिहिणं येतं. टेस्ट फेल होत असेल तर कोड दुरुस्त करायचा. टेस्टच बदलून हिरवी केली तर त्या दिवशी सगळे खूश असतात, आणि सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता कुणालातरी फोन जातो. टीममधल्या पोरांना मी हे सांगतो. सांगताना मला कधी ती बाटली आठवली नाही. त्या मेसेजनंतर आठवली.

गूगल फोटोजमध्ये जाऊन शोधलं. त्या दिवशीचे दोन फोटो सापडले. पहिला सकाळी ९ वाजून १२ मिनिटांचा. वर स्वच्छ तेल, खाली काळी वडी. दुसरा ९ वाजून ३१ मिनिटांचा, सगळं एकसारखं काळं. रिपोर्टमध्ये गेला तो दुसरा. मधली एकोणीस मिनिटं मी पट्टीने बाटली खरवडत होतो. खरं सांगायचं तर पहिलाच फोटो खरा निकाल होता. त्या फोटोसोबत "वडी का झाली" एवढं जरी लिहिलं असतं, तर या चार मुलांचे साडेनऊ हजार त्या पुडीत गेले नसते.

तर मी काय केलं, पहिला फोटो त्या मुलाला पाठवला, आणि वर जे काय घडलं ते सगळं लिहिलं. आमच्या गाइड सरांना मेल केला, की रिपोर्टच्या त्या पानावर चूक आहे, सोबत दुरुस्तीचं पान जोडलंय, लायब्ररीतल्या प्रतीला लावाल का? माझ्या तिघा ग्रुपमेट्सना आधी फोन केला, कारण नाव त्यांचंही आहे. एक जण थोडा चिडला, म्हणाला, "सहा वर्षं झाली, आता कशाला?" पण मेलमध्ये नाव ठेवायला नाही म्हणाला नाही. आणि ५ मायक्रॉनच्या पुडीचे पैसे मी पाठवतो म्हटलं त्या मुलाला.

त्याचं उत्तर आलं, "दादा, पैसे नकोत, अर्धे द्या." हसायला आलं मला.

तर मंडळी, कुणाच्या घरी जुना प्रोजेक्ट रिपोर्ट असेल, तर एकदा उघडून बघा. आणि उपासाला खिचडी केलीत तर कूट आधी चोळा.

पुढच्या भागात नक्की बॅटरी. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!